शालेय सुतारशाळेसाठी टिकाऊ यंत्रांची निवड

माध्यमिक शिक्षणात हस्तव्यवसायाला मानाचे स्थान असावे, हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभवा’चा पुरस्कार केला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्या’ची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात काही दिवस काम शिकावे, असे सुचविले आहे. योजनांची नावे बदलत गेली. मुलाच्या हाताला काम आणि कामाला बुद्धीची जोड मिळावी, ही मूळ अपेक्षा कायम राहिली.

ही अपेक्षा प्रत्यक्षात उतरविताना शाळांपुढे जो प्रश्न वारंवार उभा राहतो, तो यंत्रसामग्रीचा होय. अनुदान किंवा देणगी मिळते, यंत्रे येतात, त्यांना हार घातले जातात आणि दोन वर्षे काम उत्साहाने चालते. मग एखादे बेअरिंग निकामी होते, पट्टा तुटतो किंवा मोटर जळते. सुटा भाग कोठे मिळतो हे कोणालाच ठाऊक नसते. त्यातच शिक्षकांची बदली होते, यंत्रावर कापड पडते आणि खोलीला कुलूप लागते. यात केवळ सार्वजनिक पैसा अडकून पडतो असे नाही, तर ज्या मुलांसाठी ती खोली उभारली त्यांच्या तीन-चार तुकड्या तिच्या बाहेरच राहून शाळेतून निघून जातात. यास्तव यंत्र विकत घेण्यापूर्वीच त्याच्या टिकाऊपणाचा विचार करणे अगत्याचे आहे. हा विचार करण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. मुख्याध्यापक, शाळा समितीचे सभासद आणि गावातील जाणकार सुतार यांनी एकत्र बसून काही साध्या कसोट्या लावल्या तरी पुष्कळ नुकसान टळू शकते.

शहापूर परिसराचे वैशिष्ट्य

बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातील गाव होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि आज शहापूर बेळगाव महानगराचाच एक भाग आहे. शहापूर, वडगाव व खासबाग या वस्त्या विणकरांच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. हातमाग हे मुळात लाकडी यंत्रच होय. त्याची चौकट, धोटा, पावड्या हे सारे सुताराच्या हातून घडते आणि बिघडले तर सुताराच्याच हातून दुरुस्त होते. एक हातमाग एकाच घरात वर्षानुवर्षे चालत राहतो. कारण त्याचा प्रत्येक भाग सुटा करता येतो आणि तो पुन्हा करून देणारा माणूस जवळच असतो. टिकाऊ यंत्राची याहून सोपी व्याख्या करणे कठीण आहे.

याच परिसराची दुसरी ओळख लोखंडाची आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीला त्यांनी आरंभ केला. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तरी त्या उद्योगाचा पाया बेळगावात घातला गेला होता. आज उद्यमबाग व आसपासच्या औद्योगिक वसाहतींत ओतीव कामाच्या फाउंड्र्या व मशीन शॉप मोठ्या संख्येने आहेत. खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज या भागांतील शाळांनाही ही बाजारपेठ जवळची आहे. सुतारशाळेची यंत्रे निवडताना या सान्निध्याचा लाभ न घेणे म्हणजे विहिरीच्या काठावर तहानलेले राहणे होय.

आधी हत्यारे, मग यंत्रे

यंत्रांची यादी करण्यापूर्वी हातहत्यारांची यादी करावी. करवत, रंधा, पटाशी, किकरे, गिरमिट, गुण्या, हातोडी, लाकडी मोगरी, कानस आणि भक्कम शिकंजा असलेले कामाचे बाक हा सुतारशाळेचा खरा पाया आहे. शालेय हस्तकामाची परंपरा ज्या देशांत रुजली, तेथेही हाच क्रम पाळला गेला. फिनलंडने १८६६ साली ग्रामीण शाळांत हस्तकामाला अधिकृत स्थान दिले. स्वीडनमधील नॅस येथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण सुरू केले, त्यात साध्या चाकूपासून आरंभ करून क्रमाने अवघड हत्यारांकडे जाण्याची पद्धत होती. तयार होणारी वस्तूही घरात उपयोगी पडेल अशीच असे.

हातरंध्याने फळी सपाट करताना लाकडाचे शीर कोणत्या दिशेने जाते, हे मुलाच्या मनगटाला कळते. हे ज्ञान झाल्याविना त्याला यंत्रापुढे उभे करणे धोक्याचे आहे, कारण शिरेच्या उलट दिशेने ढकललेली फळी यंत्रातून उसळून अंगावर येते. म्हणून उपलब्ध निधीतून प्रथम पंचवीस-तीस मुलांना पुरतील एवढी चांगली हत्यारे घ्यावीत आणि उरलेल्या रकमेत मोजकीच परंतु भारी यंत्रे घ्यावीत. सहा हलक्या यंत्रांपेक्षा दोन भारी यंत्रे शाळेच्या अधिक उपयोगी पडतात.

टिकाऊपणाची चार अंगे

पहिले अंग म्हणजे यंत्राचा सांगाडा. लाकूडकामाच्या यंत्राचे टेबल व मुख्य अंग ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असावे. बिडामध्ये ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते कंपने शोषून घेतात. कंपन कमी असले म्हणजे कापणी स्वच्छ होते, बेअरिंगे अधिक काळ टिकतात आणि काम करणाऱ्याचा हात स्थिर राहतो. पातळ पत्रा वाकवून केलेला सांगाडा दिसावयास आकर्षक असतो, परंतु तो थरथरतो आणि काही वर्षांत त्याचे सांधे सैल होतात. बिडाचा एकच दोष लक्षात ठेवावा. ते दाब पुष्कळ सहन करते. मात्र आघाताने तडकते. यास्तव यंत्र टेम्पोतून उतरविताना फळ्या, दोर व पुरेशी माणसे यांची व्यवस्था आधी करावी.

दुसरे अंग म्हणजे बेअरिंग. बेअरिंगवर कोरलेला आकडा हा त्याचा पत्ताच असतो. उदाहरणार्थ, ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील भोक २० मिलिमीटर, बाहेरील व्यास ४७ मिलिमीटर व रुंदी १४ मिलिमीटर असते. ६२०५ चे भोक २५ मिलिमीटर असते. या मालिकेत ०४ पासून पुढे शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की भोकाचे माप मिळते. असे प्रमाणित बेअरिंग कोणत्याही तालुक्याच्या बाजारात, कोणत्याही चांगल्या उत्पादकाचे मिळते. ज्या यंत्रात केवळ त्याच कंपनीकडून मिळणारा विशेष भाग बसविलेला असेल, ते यंत्र शाळेने घेऊ नये. लाकडाचा भुसा सर्वत्र शिरत असल्याने दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेली बेअरिंगे पसंत करावीत. त्यांच्या क्रमांकापुढे ‘२ आरएस’ अशी खूण असते.

तिसरे अंग म्हणजे पट्टा. व्ही आकाराच्या पट्ट्यांचे ‘ए’, ‘बी’ असे प्रमाणित गट आहेत. ‘ए’ गटातील पट्टा वरच्या बाजूस सुमारे १३ मिलिमीटर व ‘बी’ गटातील १७ मिलिमीटर रुंद असतो. ‘ए-४२’ याचा अर्थ ‘ए’ गटातील, आतील लांबी ४२ इंच असलेला पट्टा. हा पट्टा पिठाच्या गिरणीवाल्याकडून किंवा शेतीपंपाच्या दुकानातूनही मिळू शकतो, हाच त्याचा मोठा गुण होय.

चौथे अंग म्हणजे मोटर. शाळेच्या कामासाठी इंडक्शन मोटर घ्यावी. कार्बन ब्रश असलेली मोटर हलकी व वेगवान असते, परंतु ती फार आवाज करते, तिचे ब्रश झिजतात आणि भुशाने तिला लवकर बाधा पोहोचते. इंडक्शन मोटर शांतपणे, मिनिटाला सुमारे १४४० किंवा २८८० फेऱ्यांनी फिरते आणि जळालीच तर ती पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर शेतीपंपांमुळे प्रत्येक बाजारगावात असतो. मोटर पूर्ण बंदिस्त व पंख्याने थंड होणारी असावी. तिच्या पट्टीवर ‘आयपी ५४’ असा आकडा असल्यास तिला धुळीपासून व पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे, असे समजावे. साधारण दीड अश्वशक्तीपर्यंतची यंत्रे घरगुती सिंगल फेजवर चालू शकतात. त्याहून मोठी यंत्रे घ्यावयाची असतील तर शाळेस थ्री फेज जोडणी आहे काय, याची खात्री मागणीपत्र लिहिण्यापूर्वी करावी.

कोणती यंत्रे, कोणाच्या हाती

माध्यमिक शाळेसाठी पहिले यंत्र म्हणून स्तंभ-ड्रिल घ्यावे. १३ मिलिमीटरचा चक असलेले ड्रिल लाकूड व धातू या दोहोंच्या कामास येते आणि शिकण्यास सोपे असते. दुसरे यंत्र लाकडाचा लेथ होय. पाळण्याच्या कांड्या, लाटणी, भोवरे, हत्यारांच्या मुठी अशा अनेक उपयुक्त वस्तू त्यावर होतात. लेथ निवडताना त्याचा कमाल वेग न पाहता किमान वेग पाहावा. ३०० मिलिमीटर व्यासाचा ओंडका मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरविला तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ८१ किलोमीटर होतो. नवशिक्यापुढे असा ओंडका फिरणे सर्वथा अयोग्य आहे. म्हणून किमान वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास अथवा त्याहून कमी असावा.

तिसरे यंत्र बँडसॉ. त्याची चाके जितकी मोठी, तितके पाते कमी वाकते व अधिक टिकते. पात्याचा कापणारा भाग वगळता उर्वरित सर्व पाते झाकलेले असावे. तुटलेले पाते सांधून देणारा कारागीर जवळपास आहे काय, हेही पाहावे. चौथे म्हणजे हत्यारांना धार लावण्याचे ग्राइंडर. ते आकाराने लहान असले तरी त्याच्यावाचून बाकी सर्व हत्यारे बोथट राहतात आणि बोथट हत्यारावर अधिक जोर द्यावा लागत असल्याने तेच अधिक घात करते.

चक्री करवत व रंधा यंत्र ही मात्र वेगळ्या वर्गातील यंत्रे आहेत. २५० मिलिमीटर व्यासाचे करवतीचे पाते मिनिटाला २८८० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर, म्हणजे ताशी १३५ किलोमीटरहून अधिक असतो. एवढ्या वेगापुढे बोट मागे घेण्यास माणसाला अवधीच मिळत नाही. म्हणून ही दोन यंत्रे केवळ प्रशिक्षित निदेशकाने चालवावीत, विद्यार्थ्यांसाठी लाकूड आधी कापून व रंधून ठेवावे, आणि निधी अपुरा असेल तर ही यंत्रे घेऊच नयेत. गावातील सॉ मिलमधून चिरलेले लाकूड आणणे स्वस्त व सुरक्षित पडते.

सुरक्षिततेला पर्याय नाही

टिकाऊ यंत्र आणि सुरक्षित यंत्र या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांचे धोकादायक फिरते भाग झाकलेले असलेच पाहिजेत आणि अल्पवयीन कामगाराला धोक्याची पूर्ण माहिती, पुरेसे शिक्षण किंवा जाणकाराची देखरेख यांवाचून धोकादायक यंत्रावर काम देऊ नये, असे दंडक घालून दिले. कारखान्यातील तरुण कामगारासाठी जे आवश्यक मानले गेले, ते शाळेतील चौदा वर्षांच्या मुलासाठी त्याहूनही आवश्यक आहे.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी यंत्राबरोबरच मागाव्यात. त्या ‘जादा सामान’ म्हणून नंतर घेण्याच्या नव्हेत. पट्टा व पुली यांवर जाळीचे अथवा पत्र्याचे पक्के आवरण असावे. चक्री करवतीवर वरचे झाकण असावे. पात्यामागे लाकडाची चीर मिटू न देणारी पोलादी पट्टी असावी आणि ती दातांपासून साधारण ३ ते ८ मिलिमीटर अंतरावर बसविलेली असावी. प्रत्येक यंत्राला हाताशी येईल असे लाल रंगाचे मोठे बंद-बटण असावे. स्टार्टर असा असावा की वीज गेल्यावर तो आपोआप सुटेल आणि वीज परत आल्यावर यंत्र स्वतःहून सुरू होणार नाही. आपल्याकडे वीज अवेळी जाते व येते. ती परत येते तेव्हा मुलाचा हात यंत्रात असू शकतो, हे विसरता कामा नये.

थ्री फेज मोटरविषयी आणखी एक सूचना देणे आवश्यक आहे. बाहेर खांबावर दुरुस्ती होऊन दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलट दिशेने फिरू लागते. यासाठी लाइन दुरुस्त झाल्याचे कळताच लाकूड न लावता यंत्र क्षणभर चालवून दिशा पाहावी. यंत्रावर बाण रंगवून ठेवल्यास हे काम सोपे होते. तीनपैकी एक फेज गेला असता मोटर जळू नये म्हणून ओव्हरलोड रिले बसवावा. अर्थिंगची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी व दरवर्षी तपासावी.

यंत्रावर काम करताना हातमोजे घालू नयेत. फिरता भाग मोज्यासकट हात ओढून घेतो. मोकळे केस, ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मनगटातील दोरे यांचीही आधीच व्यवस्था करावी. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर मुखपट्टी असावी. लाकडाची धूळ कर्करोगास कारणीभूत ठरू शकते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला आहे. म्हणून धूळ शोषून घेणारे साधन ही चैन मानू नये. सीमाभागातील शाळांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतील मुले असतात. यास्तव सूचनाफलक दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत व यंत्राच्या शेजारीच लावावेत.

कमी दर आणि कमी खर्च

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हे कार्यालयीन दृष्ट्या निर्वेध असते, परंतु कमी दर म्हणजे कमी खर्च नव्हे. उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा एक यंत्र ४०,००० रुपयांना मिळते व चार वर्षांत निकामी होते. त्याचा वार्षिक खर्च १०,००० रुपये झाला. दुसरे यंत्र ९०,००० रुपयांचे आहे, ते वीस वर्षे चालते व दुरुस्तीस दरसाल २,००० रुपये लागतात. त्याचा वार्षिक खर्च ६,५०० रुपये होतो. महाग दिसणारे यंत्रच स्वस्त ठरले. याशिवाय पहिल्या यंत्राच्या बंद काळात मुलांचे जे शिक्षण बुडाले, त्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

तथापि नियमांच्या चौकटीत राहूनच चांगले यंत्र घेता येते. त्यासाठी मागणीपत्रातील तपशील नेमका हवा. निविदा कागदावरची असो वा २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय ई-बाजारपेठेवरील असो, ‘उत्तम प्रतीचे’ किंवा ‘मजबूत’ अशा शब्दांना तेथे अर्थ नसतो. मोजता येतील असेच शब्द लिहावेत. यंत्राचे मोटर वगळता वजन, टेबलाची धातू व जाडी, बेअरिंगांचे क्रमांक, पट्ट्याचा क्रमांक, मोटरची अश्वशक्ती व संरक्षणश्रेणी, स्टार्टरचा प्रकार, आवरणांची यादी, सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीसेवा किती अंतरावर व किती दिवसांत मिळेल, एवढ्या गोष्टी स्पष्ट लिहिल्या तर हलके यंत्र निविदेतच गळून पडते. बेअरिंगांचा एक संच, दोन जादा पट्टे व जादा पाती ही मूळ खरेदीतच समाविष्ट करावीत.

यंत्र ताब्यात घेताना

पोचपावतीवर सही करण्यापूर्वी अर्धा दिवस राखून ठेवावा. प्रथम वीज बंद ठेवून व पट्टा काढून मुख्य दांडा हाताने फिरवावा. तो अडखळता कामा नये, आणि वर-खाली हलवून पाहिला असता डुलता कामा नये. पोलादी पट्टी टेबलावर उभी धरून पलीकडून उजेड पाहावा. साध्या लेखनाच्या कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. पट्टीखालून असे दोन कागद सहज सरकत असतील तर टेबल सपाट नाही, असे समजावे. नंतर आवरणे बसवून यंत्र सुरू करावे व टेबलावर रुपयाचे नाणे कडेवर उभे करावे. ते उभे राहिले तर कंपन मर्यादित आहे. अर्धा तास चालविल्यावर यंत्र थांबवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवावा. हात ठेवणे कठीण व्हावे इतके ते तापले असेल तर दोष आहे. शेवटी यंत्र चालू असतानाच मुख्य कळ बंद करून पुन्हा लावावी. यंत्र आपोआप सुरू झाले, तर ते स्वीकारू नये.

निधी थोडा असल्यास जुन्या यंत्रांचाही विचार करावा. बंद पडलेल्या कारखान्यातील भारी बिडाचे यंत्र नवी बेअरिंगे, नवी मोटर व नवी आवरणे बसवून पुढील पिढीपर्यंत काम देऊ शकते. मात्र बिडात तडा नाही याची खात्री करून घ्यावी. संशयित जागेवर रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसावे व वरून खडू फासावा. तडा असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येऊन खडूवर त्याची रेघ उमटते. मुख्य अंगाला तडा गेलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

निगा

आपल्या भागात, विशेषतः खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात, पावसाळ्यातील हवा अत्यंत दमट असते. भुसा ओलावा धरून ठेवतो आणि त्याखाली बिडाचे टेबल एका रात्रीत तांबूस होते. म्हणून रोज काम संपताच यंत्र झाडून पुसणे हा तासिकेचाच भाग मानावा. अर्थात हे काम मुख्य कळ बंद केल्यावरच करावयाचे. टेबलावर मधूनमधून मेण घासावे. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी पट्टे सैल करावेत, उघड्या धातूवर तेलाचा पातळ थर द्यावा आणि यंत्र सुती कापडाने झाकावे. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडून गंज अधिक चढतो.

प्रत्येक यंत्रासाठी नोंदवहीचे एक पान राखून ठेवावे. त्यावर खरेदीचा दिनांक, बेअरिंग व पट्ट्याचे क्रमांक, मोटरचा तपशील, केलेल्या दुरुस्त्या आणि ते काम करणाऱ्या कारागिराचे ठिकाण लिहावे. शिक्षक बदलून गेले तरी हे पान शाळेत राहते आणि नव्या शिक्षकाला प्रारंभ करण्यास आधार मिळतो.

शाळा आणि कारखाना यांचा दुवा

शेवटी या परिसरातील शाळांना सहज साधता येईल अशा एका गोष्टीचा निर्देश करावासा वाटतो. फाउंड्रीत लोखंड ओतण्यापूर्वी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. कारागीर त्याला पॅटर्न म्हणतात. वाळूत त्याचा ठसा उमटवून त्या पोकळीत बीड ओततात. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसते. म्हणून एक मीटर लांबीच्या वस्तूसाठी नमुना दहा मिलिमीटरने मोठा करावा लागतो, आणि तो वाळूतून अलगद निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. गणितातील शेकडेवारी, भूमितीतील कोन व भौतिकशास्त्रातील प्रसरण-आकुंचन हे तीनही पाठ या एका लाकडी ठोकळ्यात एकत्र येतात. म्हणजे उद्यमबागेतील लोखंडी वस्तूचा जन्मही प्रथम सुताराच्या बाकावरच होतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने विद्यार्थ्यांच्या हातून गावाच्या उपयोगाची कामे करवून घेत तंत्रशिक्षण देण्याचा मार्ग घालून दिला आहे. बेळगाव-शहापूर परिसरात त्याच दिशेने एक पाऊल सहज टाकता येईल. यंत्राची मोडलेली मूठ, हातचाक किंवा साधा कंस यांचा लाकडी नमुना विद्यार्थ्यांनी करावा, जवळच्या फाउंड्रीने तो ओतून द्यावा आणि विद्यार्थ्यांनीच तो घासून आपल्या यंत्रावर बसवावा. वेगाने फिरणारे व भार पेलणारे भाग मात्र जाणकारांकडूनच करून घ्यावेत.

ज्या शाळेतील मुले आपल्या यंत्राचा सुटा भाग स्वतः घडवू शकतात, त्या शाळेच्या सुतारशाळेला कुलूप लागण्याचे कारण उरत नाही. शाळा समित्यांनी येत्या खरेदीपूर्वी गावातील सुतार, मोटर गुंडाळणारा कारागीर व जवळच्या फाउंड्रीतील जाणकार यांना एकदा एकत्र बोलवावे आणि यंत्राची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. ज्या यंत्राची दुरुस्ती आपण करू शकू असे हे तिघेही सांगतील, त्याच यंत्राला मागणीपत्रात स्थान द्यावे.